गिरणीला जुळवलेली गिटार

आमच्या शेजारचे अण्णा कुलकर्णी रोज सकाळी साडेनऊला गिटार घेऊन माझ्या पिठाच्या गिरणीत येतात. दळण आणत नाहीत. गिटारीचं लाकूड गिरणीच्या भिंतीला टेकवतात, आपली हनुवटी गिटारीवर टेकवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "हं मंदाबाई, करा चालू."

मी खटका दाबते. मोटर घुमायला लागते. अण्णा एकेक खुंटी पिळत तारा जुळवतात. दोन मिनिटांनी मान हलवतात, "सूर प्राप्त झाला, आभारी आहे," म्हणतात आणि निघून जातात. रांगेत डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका तोंडाला पदर लावतात.

पहिल्यांदा ते आले तेव्हा मी घाबरले होते. मी फारशी कुणाशी बोलत नाही. आमचे हे दुधाचा टेम्पो घेऊन पहाटे जातात ते दुपारी येतात, तोवर गिरणी माझ्याकडे. दगडाच्या आवाजावरून बाजरी पडतेय की गहू, ते मला न बघता कळतं. पण गिरणीचा सूर कुणी घरी घेऊन जाईल, असं वाटलं नव्हतं. अण्णांनीच मग समजावलं. "विजेची मोटर ठरलेल्या वेगानंच फिरते. साऱ्या जिल्ह्याची वीज एक. सबब, साऱ्या जिल्ह्याचा सूर एक. नोंद घ्यावी."

अण्णा पारनेरला कचेरीत हेडक्लार्क होते. रिटायर झाल्याला दहा वर्षं झाली, पण कचेरी त्यांच्या जिभेवरून उठलेली नाही. लग्न केलं नाही. आमच्या आळीतल्या धीट बायका कारण विचारतात, तेव्हा सांगतात, "प्रकरण विचाराधीन आहे." वय अडुसष्ट.

गिटार वाजवताना त्यांचा डावा पाय सरळ लांब असतो, पत्र्याच्या डब्यावर ठेवलेला. मला वाटायचं, गुडघा दुखत असेल. तसं नव्हतं. तरुणपणी सायकलवरून पडून त्यांचा पाय मोडला आणि ते नगरला मिशनच्या दवाखान्यात अडीच महिने प्लास्टरात होते. शेजारच्या खाटेवर नाताळची गाणी वाजवणारा एक माणूस होता. त्यानं अण्णांना गिटार शिकवली. पाय वर टांगलेला असताना शिकले, म्हणून आजही पाय लांब केल्याशिवाय वाजवता येत नाही. "पाय दुमडला की बोटांना आदेश पोचत नाहीत," म्हणतात. एकदा मी गंमत म्हणून बघत होते. त्यांनी पाय खाली घेतला आणि खरंच, हात तसाच तारांवर थांबला.

त्यांच्या घरात बघण्यासारखं खूप असतं. एकदा मी ताक द्यायला गेले तर गॅसवर चहाच्या पातेल्यात गिटारीच्या तारा उकळत होत्या. जुन्या तारा उकळल्या की मळ निघतो आणि आवाज परत चकचकीत होतो, असं त्यांचं म्हणणं. "चहा घेता?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. तारा छेडायची टिकली ते विकत घेत नाहीत, श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून कापतात. गिटारीच्या मानेवर एक पेन्सिल दुधाच्या पिशव्यांच्या रबरांनी आवळून बांधलेली असते. ती बांधली की सगळ्या तारांचा सूर एकदम वर चढतो. हे सगळं ते मोबाईलवर फोटो काढून एका ग्रुपवर पाठवतात. त्यात सगळे हौशी गिटारवाले आहेत. कुणी नोकरीतला, कुणी शेतकरी, कुणी दुकानदार. दिवसभर वाद चालतो. झाकणाची टिकली बरी की जुन्या कार्डाची, यावर आठवडा गेला. मला आश्चर्य वाटायचं. एवढी माणसं गिटारीबद्दल बोलतात, मग वाजवतात कधी?

एक दिवस मी ते विचारलं. मला वाटतं, मी त्यांना विचारलेली ती पहिलीच गोष्ट. मोटर चालू होती म्हणून ओरडूनच विचारावं लागलं.

अण्णांनी गिटार भिंतीपासून काढून घेतली. मग म्हणाले, "मंदाबाई, चाळीस वर्षं एकटा वाजवतोय. एकट्यानं वाजवलेलं गाणं म्हणजे टिपण. त्याचा आदेश होत नाही. मला एकदा चार माणसांत बसून एक गाणं शेवटापर्यंत वाजवायचं आहे. एकदाच. आणि ते आता लांबणीवर टाकता येणार नाही."

का टाकता येणार नाही, ते सांगितलं नाही. पण त्यांनी ग्रुपवर तसं लिहिलं आणि एका गुरुवारी दोघं यायचं ठरलं.

श्रीगोंद्याहून बापूराव आले. उसाची शेती, जाड मिशा, पांढरी गाडी. गाडीत तीन गिटारी. "एक वाजवायला, एक दाखवायला आन् एक कुनी मागितली तर न्हाई म्हनायला," असं स्वतःच सांगून हसले. राजूरहून किराणा दुकानदार रामनाथभाऊ एसटीनं आले. गिटार गोधडीत गुंडाळलेली, वरून सुतळी. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ओट्यावर सतरंजी टाकली होती. डबा आधीच जागेवर ठेवला होता. मी चहा नेऊन दिला आणि शेजारीच आमच्या दाराशी पीठ चाळत बसले. खरं म्हणजे चाळायला काही नव्हतं.

तिघांना येणारं एकच गाणं निघालं, जुन्या सिनेमातलं. अण्णांनी पाय डब्यावर ठेवला. "एक, दोन, तीन," म्हणाले आणि तिघांनी हात मारला.

कोंबड्या उडाल्या.

"आयला," बापूराव म्हणाले. "अण्णा, ह्यातलं गानं कंचं?"

"सूर तपासा," अण्णा म्हणाले. "मी काल सकाळीच गिरणीला जुळवला आहे."

"मी बी तुमी सांगितल्यागत गिरनीलाच जुळवलाय," रामनाथभाऊ म्हणाले. "काल सांजच्याला. लई दमानं जुळवला."

"वीज होती ना?"

"वीज कुठली वो? आमच्याकडं गिरनी डिझेलच्या इंजनावर हाय."

अण्णांचं तोंड उघडं राहिलं. बापूराव सतरंजीवर आडवे पडून हसले. अण्णाही मग हसले, पण उशिरा. गुरुवारी आमच्याकडे दुपारपर्यंत लाईट नसते, त्यामुळे माझी गिरणी बंदच होती.

"ऱ्हाऊ द्या ते मोटरीचं," बापूराव म्हणाले. "मोबाईल कशाला हाय? ह्यात बरोब्बर सूर देतंय." त्यांनी मोबाईल सतरंजीवर ठेवला. मोबाईलमधून बारीक टूं असा आवाज यायला लागला, कानाशी डास यावा तसा.

अण्णा खुंटीवर हात ठेवून बसले होते.

"लावा ना," ते म्हणाले.

बापूरावांनी मोबाईलकडे बघितलं. "लावलाय की."

"हां. हां हां." अण्णांनी खुंटी थोडी पिळली. तार छेडली आणि वर बघितलं. तारेकडे नाही, मोबाईलकडे नाही. आमच्या तोंडांकडे. आधी बापूरावांच्या, मग रामनाथभाऊंच्या, मग दारात माझ्याकडे. "मिळाला?"

नव्हता मिळाला. मलासुद्धा कळत होतं. रामनाथभाऊ म्हणाले, "उलीसा वर घ्या." त्यांनी घेतला, जरा जास्तच. कपाळावर घाम आला होता. "मिळाला आता?" पुन्हा आमची तोंडं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हनुवटी गिटारीवर आणि गिटार भिंतीला कशाला टेकवावी लागते ते. मोटरीचा सूर त्यांना कानात नाही, हाडात कळत होता. हे मी रोज बघत होते आणि बायकांबरोबर मीही हसत होते.

बापूराव वाईट माणूस नाहीत, पण त्यांना घाई होती. म्हणाले, "अण्णा, तुमी निस्ते ऐका. आमी दोघं वाजवतो." आणि गिटार पुढे ओढली. अण्णा म्हणाले, "हो, तसं करू. तसंही चालेल." आणि पाय डब्यावरून खाली घेतला.

मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं की तू उठशील, तर मी मानलं नसतं. मी चाळण हातात घेऊनच ओट्यावर गेले. परक्या पुरुषांपुढे माझा आवाज निघत नाही, पण त्या दिवशी निघाला.

"बापूराव, गिरनीत दोन दगड असतात," मी म्हणाले. "एक घट्ट बसवलेला असतो. त्यो हालत न्हाई. दुसरा त्याच्यावर जुळवून घ्यायचा असतो. तुमी दोघं अण्णांच्या गिटारीला जुळवून घ्या की. त्यांची घट्ट ऱ्हाऊ द्या."

बापूराव माझ्याकडे बघत राहिले. मग रामनाथभाऊंकडे. रामनाथभाऊंनी मोबाईल उचलून बंद केला आणि आपली गिटार अण्णांच्या जवळ नेली. "वाजवा अण्णा, येकेक तार," म्हणाले. "जाडीपासनं."

अर्धा तास लागला. अण्णांची जी तार मोबाईलच्या नादात बिघडली होती, ती तशीच ठेवून बाकीच्यांनी आपल्या बिघडवून घेतल्या. मग अण्णांनी पाय वर ठेवला आणि गाणं झालं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. मधेच बापूराव पुढे निघून गेले आणि वळणावर थांबून राहिले. पण तिघं बरोबर संपले. गाणं संपल्यावरसुद्धा अण्णा हात गिटारीच्या लाकडावर ठेवून बसले होते, तारांची थरथर जाईपर्यंत.

पाहुणे चारच्या सुमाराला गेले. मी कपबश्या गोळा करायला गेले तेव्हा अण्णा सतरंजीची घडी घालत होते. मी त्यांच्या अगदी जवळ उभी राहिले आणि मोठ्यानं विचारलं, "अण्णा, तुमाला ऐकू किती येतं?"

त्यांनी रस्त्याकडे बघितलं, कुणी आहे का म्हणून. मग सतरंजी मांडीवर घेऊन बसले.

"जाड तीन तारा ऐकू येतात," ते म्हणाले. "बारीक तीन आठवतात."

त्यात सबब नव्हतं, नोंद घ्यावी नव्हतं. मला विचारावंसं फार वाटत होतं, म्हणून विचारलंच. "आठवतात म्हंजी कशा?"

अण्णांनी थोडा वेळ डोळे मिटले. मग ओठ हलवून, हळू आवाजात, एकेक बारीक तार मला तोंडानं म्हणून दाखवली.