भाऊंचा आग्रह आणि रिकामा चौकोन

माधवीच्या गोधड्यांच्या वेबसाइटवर, ऑर्डरच्या पानाखाली, एक रिकामा चौकोन होता आणि त्या चौकोनाने तिच्या सासऱ्यांची, भाऊंची, झोप उडवली होती. शेजारी लिहिलं होतं, 'नव्या गोधड्यांचे मेसेज पाठवले तर चालतील का?' गिऱ्हाइकाने स्वतः तिथे खूण केली, तरच त्याला मेसेज पाठवायचे. वेबसाइट बनवताना सुश्रुतने, म्हणजे माधवीच्या नवऱ्याने, वडिलांना बजावलं होतं की चौकोन आपण रिकामाच ठेवायचा आणि कुणी खूण नाही केली तरी त्याला गोधडी द्यायचीच. नियमच तसा आहे.

भाऊंना नियम कळला, पटला मात्र नाही. कचेरीतून निवृत्त झाल्यावर ऑर्डरी सांभाळायचं काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलं होतं, पण भिवंडीत त्यांची खरी ख्याती होती ती आग्रहाची. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट भाऊंच्या हाती दिलं की वधूपिता निर्धास्त. पानावर आडवा हात धरणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची कला त्यांना साधली होती. त्यांचं तत्त्वज्ञान सोपं होतं: माणूस पहिल्यांदा नको म्हणतो तो लाजून, दुसऱ्यांदा म्हणतो तो रीत म्हणून, आणि तिसऱ्यांदा जो नको म्हणतो त्याला तर कडकडून भूक लागलेली असते.

तेव्हा निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकांनी चौकोन रिकामा सोडलेला पाहून भाऊ मनाशी म्हणाले, लाजतायत बिचारे. ऑर्डरवर फोन नंबर असायचाच. त्यांनी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. समोरचा नको म्हणाला की भाऊ हसून म्हणायचे, अहो संकोच कसला, आपलंच दुकान आहे. आणि फोन ठेवून त्याच्या वतीने स्वतःच खूण करून टाकायचे. कुणी मेसेज बंद करा असं कळवलं, तर त्याला पुन्हा फोन. सुनेच्या धंद्याला आपण केवढा हातभार लावतोय या समाधानात त्यांना दुपारची गाढ झोपही लागू लागली.

व्हायचं तेच झालं. त्याच गिऱ्हाइकांपैकी खारबावच्या सुकन्याबाईंनी तक्रार ठोकली. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी तक्रारही अशी मुद्देसूद लिहिली की मेसेज पाठवणाऱ्या कंपनीने माधवीचं खातंच बंद केलं. वर अट घातली, भाऊंनी केलेल्या सगळ्या खुणा पुसायच्या, आणि आपलं समाधान झालं असं बाई स्वतः कळवेपर्यंत एकही मेसेज जाणार नाही.

आणि नेमकी त्याच सकाळी थंडी पडली. भिवंडीतली थंडी म्हणजे घाईतला पाहुणा, चपला न काढता दारातूनच परत जाणारा. गावातल्या यंत्रमागांवर उरलेल्या कटपिसांतून अकलोलीच्या गंगूने आणि तिच्या पाड्यावरच्या बायकांनी शिवलेल्या गोधड्यांनी बाहेरची खोली छतापर्यंत भरली होती. या थंडीत त्या खपल्या नाहीत तर वर्षभर पडून राहणार आणि गंगूला पुढचं काम देता येणार नाही. माधवीने तर तिला शब्द देऊन ठेवलेला.

माधवी ओरडली असती तर भाऊंना बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, ती माणसं नको म्हणाली होती. तुम्ही ऐकलंच नाहीत."

भाऊंना ते लागलं, चांगलंच लागलं. जेवणाला न थांबता त्यांनी खारबावची रिक्षा पकडली.

सुकन्याबाईंनी त्यांना आदराने बसवलं. आतून खमंग थालीपिठाचा वास येत होता आणि भाऊंच्या पोटात कावळे कोकलत होते. "थालीपीठ घेणार?" बाईंनी विचारलं.

"छे छे, नको. आत्ताच जेवून आलो."

"बरं," बाई म्हणाल्या. आत गेल्या, ताटली घेऊन आल्या आणि भाऊंच्या समोर बसून लोण्याचा गोळा पसरत स्वतःच खाऊ लागल्या. भाऊ दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत राहिले. तो काही आला नाही. मग बाईंनी चहाचं विचारलं. भाऊ सवयीने म्हणाले, उगाच तुम्हाला त्रास. बाई पुन्हा बरं म्हणाल्या आणि एकच कप घेऊन आल्या. उभ्या आयुष्यात भाऊंवर असा प्रसंग गुदरला नव्हता. शेवटी त्यांना राहवेना.

"बाई, मला हवं होतं हो थालीपीठ."

"मग नको का म्हणालात?"

"तुम्ही परत विचाराल म्हणून."

"आणि मी तुम्हाला दर फोनवर नको म्हणत होते, ते तुम्ही परत विचारू नये म्हणून," बाई म्हणाल्या. "शाळेत, सासरी, दुकानात, माझं नको कुणी खरं मानलंच नाही. निदान मेसेजच्या बाबतीत तरी मानाल असं वाटलं होतं."

भाऊ ओशाळले. चुकलो, म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "आता एकदाच विचारते. थालीपीठ?"

"हो. दोन. लोणी जरा सढळ."

संध्याकाळी बाईंनी कंपनीला कळवलं आणि दुसऱ्या दिवशी खातं उघडलं. भाऊंच्या खुणा पुसल्यावर यादी अगदीच रोडावली, म्हणून ते धास्तावले होते. पण उरले ते आपण होऊन हो म्हणालेले. थंडीचा मेसेज जायचा अवकाश, त्यांनी ऑर्डरींचा असा सपाटा लावला की भाऊंना बांधाबांधीपुढे जेवायची फुरसत मिळेना. मागून घेणारा माणूस पानात टाकत नाही, असं नवं तत्त्वज्ञान त्यांनी माधवीला ऐकवलं. बाहेरची खोली रिकामी झाली. माधवीने गंगूला नव्या कटपिसांची गाठोडी न्यायला बोलावलं, तेव्हा भाऊ शेवटचं पार्सल बांधत होते. खारबावच्या सुकन्याबाईंनी दोन गोधड्या मागवल्या होत्या. खालचा चौकोन मात्र रिकामा.

"एवढी चांगली गिऱ्हाईक हाय," गंगू म्हणाली, "तिला म्येसेज न्हाय का लावायचा?"

भाऊंनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. सहावी जिलबी वाढूनही कधी चढला नव्हता असा तोरा त्यांच्या आवाजात होता.

"नाही. बाई नको म्हणाल्यात."