नाव खोळीच्या आत

चोवीस तासांची लघवी गोळा करून आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा टेलरमास्तरांना काळजी पडली ती तपासणीची नव्हे, कॅनची. पांढरा, पाच लिटरचा कॅन. त्याच्या पोटावर लॅबने तळहाताएवढी चिठ्ठी चिकटवलेली. तिच्यावर मास्तरांचं नाव, वय आणि आत काय आहे ते ठळक अक्षरांत. हे हातात धरून आपल्याच गल्लीतून, आपल्याच गिऱ्हाइकांसमोरून चालत जायचं.

मूत्रपिंड बदलून आठ महिने झाले होते. डायलिसिस सुटलं होतं, पायांची सूज उतरली होती, तोंडाला चव आली होती. फक्त दुकान बंद होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मास्तर रोज सकाळी मशीनवरची चादर उचलत, तेलाचा एक थेंब देत, चाक एकदा फिरवून बघत आणि चादर पुन्हा टाकत.

"शुक्रवारचे रिपोर्ट चांगले आले तर सोमवारपासून बसा मशीनवर," डॉक्टर म्हणाले होते. "तोंडाला मास्क, गोळ्या घड्याळाप्रमाणे, गर्दी नको. आणि शुक्रवार चुकवू नका. त्या संध्याकाळी मी पंधरा दिवस परगावी चाललोय."

म्हणून बुधवारीच अक्का येऊन दाखल झाली. अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. नवं मूत्रपिंड तिचं. देणाऱ्याचीही अधूनमधून तपासणी लागते, तेव्हा तिलाही तसाच एक कॅन मिळाला होता. पण ती आली होती मुख्यतः आपली वस्तू भाऊ कशी सांभाळतो ते बघायला.

"धाकट्या, नऊ वाजले. पाणी."

"आत्ता तर प्यायलो, अक्का."

"तो साडेआठचा. हा नऊचा."

"पोटात जागा नाही गं."

"जागा नाही कशी? माझी वस्तू ठेवून घेतलीस तेव्हा बरी जागा झाली."

मास्तर ग्लास रिकामा करत आणि मापाच्या वहीत, जिथे एरवी छाती-कंबर लिहायची, तिथे एक रेघ ओढत.

त्याच बुधवारी त्यांनी शटर न उघडता कॅनसाठी खोळ शिवली. कुणाच्या तरी कोटातून उरलेलं करडं कापड, आत जाड अस्तर, वर चेन, खांद्याला पट्टा. खोळ इतकी झोकदार झाली की अक्का म्हणाली, "आणि मी तेवढी उघडा कॅन मिरवत येऊ?" मग त्याच कापडातून दुसरी शिवली. दोन्ही शेजारी ठेवल्या तर शिवणाऱ्यालाही सांगता येईना कुठली कुठली.

"नावाच्या चिठ्ठ्या आहेत ना कॅनवर," मास्तरांची बायको म्हणाली.

"त्या काढल्या मी. खोळीची चेन जरा उघडली की नाव बाहेर डोकावायचं." मास्तरांनी खोळीचा गळा उलटून दाखवला. आत पांढऱ्या पट्टीवर मशीनने नाव शिवलं होतं. "हे बघ. कोटाला लावतो तसं. कुणाला दिसत नाही आणि चूकही होत नाही."

चाळीस वर्षं त्यांनी असंच नाव लावलं होतं आणि कुणाचा कोट कुणाला गेला नव्हता.

गुरुवारी सकाळी सहाला सुरुवात झाली. कॅन थंड ठेवायचे होते. फ्रिजचं नाव काढताच मास्तरांच्या बायकोने अशी नजर टाकली की तो विषय तिथेच मिटला. मग न्हाणीघरात मोठा टब मांडून त्यात बर्फ घातला आणि दोन्ही कॅन खोळीसकट त्यात उभे केले. दिवसभर दोघं भावंडं गळ्यातलं नाव वाचून आपापला कॅन उघडत होती. अक्का दर अर्ध्या तासाला ग्लास घेऊन भावासमोर उभी राहत होती. वहीत रेघांची जाळी झाली.

शुक्रवारी सकाळी सहाला काम पुरं झालं. दोघं कपडे बदलायला गेली आणि मास्तरांची बायको न्हाणीघरात आली. खोळी बर्फाच्या पाण्याने निथळत होत्या. शिंप्याच्या घरात तीस वर्षं काढलेल्या बाईला ओलं, चुरगळलेलं कापड बघवत नाही. तिने दोन्ही खोळी काढल्या, पिळल्या, गरम इस्त्री फिरवून खडखडीत वाळवल्या आणि पुन्हा कॅनवर चढवल्या. चेन ओढली, पट्टे सरळ केले. दोन्ही कशा अगदी नव्यासारख्या दिसत होत्या.

तिघंही निघाली. दहा पावलांवर मास्तरांच्या लक्षात आलं की आपली पिशवी हलकी आहे. त्यांनी ती या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तरी हलकीच. एवढं पाणी प्यायलो, ते गेलं कुठे? आठ महिने मूत्रपिंड नीट चाललं आणि आताच रुसलं की काय? नवल म्हणजे अक्का काही बोलत नव्हती. एरवी चालताना तिचं तोंड पायांच्या पुढे असे.

कोपऱ्यावर पोस्टातून निवृत्त झालेले साहेब भेटले. त्यांची नजर थेट पिशवीवर.

"मास्तर, काय सुबक काम आहे. मला एक अशीच शिवा, मुलाच्या डब्यासाठी. आत गरम राहतं ना?"

"थंड राहतं," मास्तर मास्कमधून म्हणाले आणि पुढे सरकले.

लॅबमधल्या मुलीने कॅन बाहेर काढले. "यावर नावं नाहीत."

"खोळीच्या गळ्यात आहेत," मास्तर म्हणाले.

मुलीने आत बघितलं, नावं लिहिली, मापं घेतली, दोघांचं रक्तही घेतलं. मास्तर नऊशे मिलिलिटर. अक्का दोन हजार आठशे.

मास्तरांना वाटलं, आता अक्का सगळ्यांसमोर आपली हजेरी घेणार. पण अक्का भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

दुपारी डॉक्टरांनी कागद पुढे ओढले. "रक्त दोघांचंही छान आहे. दोन्ही नमुने स्वच्छ. पण मास्तर, नऊशे? पाणी किती पिता?"

मास्तरांनी मापाची वही उघडून ठेवली. डॉक्टरांनी रेघा मोजल्या. "तीन लिटर आत गेलं आणि नऊशे बाहेर आलं, तर मला ते आवडणार नाही. दाखल करून बघावं लागेल. दुकानाचं नंतर बोलू."

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांची बायको चुळबुळ करायला लागली.

"डॉक्टर, एक सांगू का? सकाळी खोळी ओल्या होत्या. मी काढून इस्त्री केली."

खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"आणि परत घालताना?" मास्तरांनी विचारलं.

"घातल्या. दोन्ही सारख्याच की."

"अगं, गळ्यात नाव होतं."

"कॅनला कपडे चढवताना कॉलर बघायची असते, हे मला कसं ठाऊक? आणि नाव खोळीला लावून उपयोग काय? कॅनला लावायचं."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते हसत होते की काय, ते रुमालामुळे कळलं नाही. मग म्हणाले, "अडचण एवढीच आहे. नऊशेचा कॅन कुणाचा ते कळल्याशिवाय मी मास्तरांना सोडू शकत नाही. मी परत आलो की पुन्हा गोळा करा. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

मास्तरांनी वही मिटली आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासला, दोरा ओवण्याआधी ओला करून पीळ देतात तसा. अक्काने ते बघितलं.

"नऊशेचा माझा," ती म्हणाली.

"कशावरून?" डॉक्टरांनी विचारलं.

"काल दिवसभर मीच तो उचलून ठेवत होते. हलका होता. आज दाराबाहेर पडले तेव्हाच खांद्याला जड लागला. तिथेच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?" मास्तर म्हणाले. "मी वाटेत अर्धा झालो."

"जड पिशवी घेऊन चालायला बरं वाटत होतं." अक्का पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "म्हटलं, माप दिलं की सुटले. ते तुझ्या नावावर असं बसेल हे मला काय ठाऊक. दिवसभर तुझ्या मागे ग्लास घेऊन फिरते, त्यात माझं प्यायचं राहून जातं."

मूत्रपिंड देताना तिचा चेहरा इतका पडला नव्हता. त्या दिवशी तर ती नर्सला चादरीच्या घड्या कशा घालाव्यात ते शिकवत होती.

"तुमच्याकडे आता एकच आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "त्याला तहानलेलं ठेवू नका." त्यांनी दोन्ही कागदांवरची नावं खोडून उलटी लिहिली, खाली सही केली आणि मास्तरांकडे बघितलं. "सोमवारपासून बसा."

सोमवारी शटर वर गेलं. चादर निघाली. पहिलं गिऱ्हाईक पोस्टातले साहेब, मुलाच्या डब्याचं माप घेऊन.

"शिवतो," मास्तर म्हणाले. "पण नाव डब्यालाच लिहा."

साहेब गेल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं, वही पुढे ओढली आणि फोन लावला. अक्का आपल्या घरी पोचून एक दिवस झाला होता.

"अक्का, दहा वाजले. पाणी."

"आत्ता तर प्यायले."

"तो साडेनऊचा. हा दहाचा."

"पोटात जागा नाही रे, धाकट्या."

"जागा नाही कशी? तिथली एक वस्तू तर माझ्याकडे आहे."

पलीकडे भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ मोठमोठे घोट. मास्तरांनी ते शेवटपर्यंत ऐकले, अक्काच्या नावाच्या नव्या पानावर एक रेघ ओढली आणि मशीनचं चाक फिरवलं.