सिल्वासा बंदर, शून्य अपघात

सिल्वासा शहराला समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या कार्यालयाने वेळोवेळी लेखी कळवलेली आहे. समुद्र इथून सुमारे तीस किलोमीटरवर आहे आणि तो जवळ यायला तयार असल्याचे कोणतेही पत्र आमच्या दप्तरी नाही. मी आवक-जावक सांभाळतो, आले असते तर शिक्का मीच मारला असता. तरीही गेल्या वर्षी वरून परिपत्रक आले की, प्रत्येक कार्यालयाने आपल्या हद्दीतील बंदरांच्या सागरी सुरक्षेची माहिती सात दिवसांत ऑनलाइन भरावी.

काम अनंत खामकरांकडे आले. खामकर आमचे वरिष्ठ लिपिक, राहायला डोकमर्डीत, मूळचे देवरुखचे. "तुम्ही कोकणातले, तुम्हाला समुद्राचं सगळं ठाऊक," असे आमचे साहेब, भास्करसाहेब, म्हणाले. देवरुखलाही समुद्र नाही, हे सांगायची खामकरांची छाती झाली नाही.

पहिलाच रकाना होता 'बंदरांची संख्या'. खामकरांनी शून्य टाकले, संगणकाने ते लाल करून परत केले. 'निरंक' लिहिले, तेही परत. रकाना रिकामा सोडला तर पुढचे पान उघडेना. सातव्या दिवशी पावणेसहाला, बॅग काखेत मारून, साहेब म्हणाले, "अहो खामकर, एक टाका आणि विषय संपवा. नंतर दुरुस्तीपत्र देऊ."

खामकरांनी एक टाकले. सिल्वासा बंदराची स्थापना झाली ती अशी.

दुरुस्तीपत्र आम्ही दुसऱ्याच दिवशी पाठवले. उत्तर आले की, अस्तित्वात असलेले बंदर रद्द करायचे असल्यास तिथे येणाऱ्या सर्व जहाजांचे ना-हरकत पत्र जोडावे. आमच्याकडे एकही जहाज येत नसल्याने ते मिळवता आले नाही आणि बंदर कायम राहिले. बंदराची हद्द विचारली, तेव्हा आम्ही कार्यालयाच्या कंपाउंडची भिंत कळवली. भरती-ओहोटीची नोंदवही मागवली, तेव्हा खामकर गच्चीवरच्या टाकीचे पाणी दिवसातून दोनदा मोजू लागले. सकाळी टाकी भरे, दुपारपर्यंत उतरे. ही नोंद उत्कृष्ट असल्याचे पत्रही आमच्याकडे आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर चाळीस लाइफ जॅकेटे आली. नारिंगी, करकरीत, छातीवर शिट्टी टांगलेली. नोंदवहीत चढवून ती आम्ही सभागृहाच्या खुंट्यांवर ओळीने लावली, आणि तिसऱ्या दिवशी चिमाबाई दारात उभी राहिली.

चिमाबाई धरणाच्या पाण्यावर होडी चालवते. पलीकडच्या पाड्यावरची वीस पोरे ती रोज शाळेसाठी अलीकडे आणते. वारा सुटला की होडी हलते, पोरे ओरडतात आणि ती एका हाताने वल्हे, दुसऱ्या हाताने सगळ्यात लहान पोराची कॉलर धरते. गेली तीन वर्षे ती वीस जॅकेटांसाठी अर्ज करत होती आणि 'आपल्या हद्दीत बंदर नसल्याने सागरी सुरक्षा साहित्य देता येत नाही' या उत्तरावर तिन्ही वेळा शिक्का मी मारला होता.

"आता तं बंदर झाला ना, साहेब?" ती म्हणाली. "तुमची जाकिटां तं खुंटीवर बसलीत. माझी पोरां पाण्यावर बसतात."

खामकरांना मनापासून वाईट वाटले. वीस जॅकेटे द्यावीत, अशी टिपणी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. साहेबांनी ती दोनदा वाचली.

"बाई, साहित्य बंदराचं आहे. तुमचं पाणी बंदराच्या हद्दीबाहेर आहे. तुमची होडी हद्दीत असती तर गोष्ट वेगळी."

"हद्द कुठपर्यंत हाय?"

साहेबांनी खिडकीतून भिंत दाखवली. चिमाबाईने भिंतीकडे पाहिले, फाटकाची रुंदी डोळ्यांनी मोजली आणि निघून गेली.

सोमवारी सकाळी ती पाड्यावरच्या सुकदेवच्या टेम्पोत होडी घालून आली. चार माणसांनी ती उतरवून सायकल स्टँडजवळ ठेवली. "आली हद्दीत. द्या आता," चिमाबाई म्हणाली. साहेबांनी टिपणीवर सही केली. खामकर खुंटीवरून जॅकेटे काढायला धावले. नोकरीत प्रथमच मी त्यांना धावताना पाहिले.

दुर्दैवाने तपासणीही सोमवारीच होती. तपासणी अधिकारी शीतल मॅडम गाडीतून उतरल्या आणि होडी पाहून थबकल्या. आजवर त्यांनी कागदावरची बरीच बंदरे तपासली होती, होडी असलेले हे पहिलेच. त्यांनी तिच्याभोवती चक्कर मारली, आत वाकून पाहिले.

"हिच्यात लाइफ जॅकेट नाहीत?"

"तीच न्यायला आली हाय," चिमाबाई म्हणाली.

"म्हणजे आत्ता नाहीत." मॅडमनी यादीवर फुली मारली. "सुरक्षा साहित्याशिवाय बंदरात आढळलेली नौका अटकावून ठेवावी, असा नियम आहे. आणि अटकावलेल्या नौकेला साहित्य देता येत नाही."

"मॅडम, पोरांना शाळेत कशी आणू मी?"

"बाई, हे सगळं पोरांच्या सुरक्षेसाठीच चाललंय," मॅडम खरोखर कळवळून म्हणाल्या.

होडीला साखळी लागली. अहवालात 'अपघातांची संख्या' हा रकाना होता. खामकरांनी शून्य टाकले आणि या वेळी संगणकाने ते विनातक्रार घेतले. महिन्याभरात आमच्या बंदराला सुरक्षिततेची ढाल मिळाली. आम्ही चाळीस जणांनी जॅकेटे घालून होडीभोवती फोटो काढला. मीही आहे त्यात, दुसऱ्या रांगेत, शिट्टी तोंडात धरून. आज त्या शिट्टीची लाज वाटते.

तो फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि त्याला चारशे बारा अंगठे आले. त्याच्याच खाली खामकरांनी एक व्हिडिओ टाकला होता. त्यात कारखान्याची रिकामी निळी पिंपे दोरीने बांधून, दप्तरे डोक्यावर धरून, वीस पोरे धरण ओलांडत होती. चिमाबाई गळ्याएवढ्या पाण्यातून पिंपे ढकलत होती. त्याला दोन अंगठे आले आणि खाली कुणीतरी लिहिले, 'काय सुंदर निसर्ग!'

तुम्हाला आमचे हसू आले असेल, हरकत नाही. फक्त एकदा तो ग्रुप उघडा आणि वर सरकवत जा. त्या फोटोच्या अंगठ्यांत चारशे बारा नावे आहेत. माझे तिसरे आहे, तुमचे तुम्हाला सापडेलच.