झनकलाल काकांच्या पुरचुंड्या

गोंदियाला लागून असलेल्या आमच्या मुर्रीतल्या झनकलाल काकांच्या ओसरीत खुंटीवर गळ्यात घालायचे बारा पट्टे लटकलेले आहेत. प्रत्येक पट्ट्याला प्लास्टिकचं कार्ड, त्यावर काकांचं नाव आणि वर कुठल्यातरी संमेलनाचं लांबलचक इंग्रजी शीर्षक. बिग डेटा, क्लाउड कॉम्प्युटिंग, आणखी काय काय. नागपूर झालं, रायपूर झालं, एकदा तर थेट हैदराबाद. आणि माणूस कसा? बटणाचा मोबाइल वापरणारा. मिस्ड कॉल कोणाचा होता हे बघायलाही माझ्याकडे येतो!

या उपद्व्यापात माझाही हात आहे. गोंदियात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे आणि घर काकांच्या भिंतीला भिंत लावून. फुकट नोंदणीचं कुठलंही संमेलन निघालं की काका दुकानात हजर. बाहेर दाखले काढायला आलेल्यांची रांग, आणि हे माझ्या डोक्यावर उभे.

पहिल्या वेळी फॉर्म भरताना मी विचारलं, "काका, कंपनीचं नाव?"

"शेती."

"अहो, कंपनीचं लागते."

"मंग शेती का सरकारची आहे? माझीच आहे ना बे! लिही."

"आणि पद?"

काकांनी जरा विचार केला. "ऐकणारा," म्हणाले.

तेव्हापासून सगळ्या कार्डांवर तेच आहे. झनकलाल, ऐकणारा, शेती.

बरं, ते नुसते बसून येत नाहीत, ऐकतात. मला एकदा क्लाउड समजावून सांगितलं. "आपलं धान दुसऱ्याच्या गोदामात ठेवून देयाचं. गोदाम कुठं आहे, विचारायचं नाही. पाहिजे तेव्हा मागायचं, मिळते. कायले घाबरून राहिला?" मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, पण मला इतकं सोपं कोणी सांगितलं नव्हतं.

भाषण संपलं आणि प्रश्न विचारायला माइक फिरू लागला की काकांचा हात सगळ्यात आधी वर. रायपूरला एक मोठे साहेब तासभर बोलले. माइक काकांकडे आला. काका उभे राहिले, टोपी नीट केली आणि विचारलं, "साहब, खाना हुआ क्या?" सगळा हॉल हसला. साहेब गडबडून म्हणाले, "नहीं, अभी नहीं." काका म्हणाले, "तो पहले खा लो. बाद में समझाना." प्रत्येक ठिकाणी त्यांचा हा एकच प्रश्न असतो. घरी आलेल्या माणसाला आपण दुसरं काय विचारतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि पुरचुंड्या! तिथे जो तो समोरच्याला व्हिजिटिंग कार्ड देतो. काका पिशवीतून धुतलेल्या फडक्यात बांधलेला पावशेर चिन्नोर काढून समोरच्याच्या हातात ठेवतात. घरच्या धानाच्या बांधीतला, नवा, वास घेतला की भूक लागावी असा तांदूळ. स्टॉलवरच्या पोरीला, दारावरच्या वॉचमनला, भाषण देणाऱ्याला, ज्याला-त्याला. सूटबूटवाले लोक पुरचुंडी हातात धरून अवघडून उभे राहतात आणि काका म्हणतात, "कार्ड छापत नाही मी. हे घ्या."

स्वतः मात्र हा माणूस जुन्याच तांदळाचा भात खातो. लोक म्हणतात, शुगर असेल. मीही तेच समजत होतो. डोळे असून आंधळा म्हणतात तसा.

मागच्या हिवाळ्यात काका आले आणि नेहमीसारखं म्हणाले, "बोलणाऱ्याईची यादी दाखव." ही त्यांची जुनी खोड. आधी फोटो बघायचे, मग फॉर्म. मी वैतागून यादी सरकवत होतो. एका फोटोवर काकांचं बोट थांबलं. फोटो वर्षाचा होता.

वर्षा म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. मी तिच्यासोबत मुर्रीच्या शाळेत जात होतो. पुढे ती इंजिनिअर झाली, हैदराबादला नोकरीला लागली आणि सहा वर्षांपूर्वी तिथेच स्वतःच्या मर्जीनं परजातीत लग्न केलं. तेव्हा समाजाचे चार जण काकांच्या ओसरीत येऊन बसले. त्यांच्यासमोर काकांनी जबान दिली, तिच्या दारात पाय ठेवणार नाही आणि तिच्याशी एक शब्द बोलणार नाही. काकू त्याआधीच वारल्या होत्या. त्या असत्या तर त्यांनी त्या चौघांना झाडूनं हाकललं असतं. आज त्यातले दोघे जिवंत नाहीत आणि तिसऱ्याच्या नातवानं तेच केलं, तर घरी मांडव घातला गेला. पण आमचे काका! "जबान म्हणजे जबान."

त्या दिवशी यादीसमोर माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आमच्याकडे नवं धान घरात आलं की पहिला भात घरच्या सगळ्यांनी एका पंगतीत बसून खायचा असतो. कोणी बाहेरगावी असेल तर त्याचा वाटा पोचवायचा, मगच आपण तोंडात घास घालायचा. याला नवं खाणं म्हणतात. वर्षाचा वाटा सहा वर्षांत पोचला नव्हता, म्हणून काकांनी सहा वर्षांत नवं खाल्लं नव्हतं.

"हॉल काही तिचं दार नोहे," काका खाली बघत म्हणाले. "आन् सगळ्याईले देल्लं, तिलेही देल्लं. बोलायचं कुठं आहे त्याच्यात?"

एका पोरीच्या हातात पावशेर तांदूळ ठेवायचा म्हणून या माणसानं तोवरच्या अकरा संमेलनांत अख्ख्या जगाला तांदूळ वाटला होता. मला रडू आलं आणि तितकाच रागही आला. "काका, फोन लावा ना सरळ! मी लावून देतो." ते उठून चालायला लागले. शेवटी मीच फॉर्म भरला, दोघांचा.

नागपूरला आम्ही सकाळच्या गाडीनं पोचलो. काकांनी नवी टोपी घातली होती. या वेळी पिशवीत एकच पुरचुंडी होती, बाकीच्यांना या खेपेला सुट्टी. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. वर्षाचं नाव पुकारलं गेलं, दिवे मंद झाले आणि समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर वर्षा आली. काही कारणानं तिला येता आलं नव्हतं, हैदराबादहून ऑनलाइन बोलणार होती.

काकांनी पिशवीतला हात तसाच पिशवीत ठेवला.

ती इंग्रजीत अर्धा तास बोलली. चष्मा लागला होता तिला. काका तोंड उघडं ठेवून बघत होते. भाषण संपलं, प्रश्न सुरू झाले आणि सवयीनं काकांचा हात वर गेला. माइक आला. काका उभे राहिले. प्रश्न ठरलेला, ओठावर आलेला. पण स्पीकरमधून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. स्टेजवरचा माणूस म्हणाला, "अंकल, क्वेश्चन प्लीज." मला बघवलं नाही. मी माइक घेतला आणि मराठीतच विचारलं, "जेवण झालं काय?"

हॉल हसला. वर्षा हसली नाही. तिला तिकडून आमचा अंधारातला हॉल दिसत नव्हता. ती इंग्रजी सोडून म्हणाली, "झालं. कोण बोलून राहिलं? तिकडचे आहात काय, गोंदियाचे?"

"हो."

"तुमच्याजवळ कोणी आहे काय?"

मी काकांकडे बघितलं. काका खुर्चीत बसले होते, माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडत होते आणि मान नाही-नाही हलवत होते.

"कोणी नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "नवं निघालं असेल ना तिकडं? मी खात नाही इकडं. विकत भेटते, पण खात नाही." मग तिनं चष्मा काढला, पुसला आणि पुढचा प्रश्न इंग्रजीत आला.

परतीच्या गाडीत काका खिडकीशी बसले होते, मांडीवर पुरचुंडी. मी दोनदा चहा विचारला, त्यांनी नको म्हणून मान हलवली. तुमसर गेलं, तिरोडा आलं. गाडी सुटली तसे काका माझ्याकडे वळले.

"तू 'कोणी नाही' काऊन म्हटला?"

मी भडकलोच. "वा रे काका! तुम्हीच तर हात जोडून राहिले होते!"

"मी तं जोडलेच." पुरचुंडीची गाठ ते उगाच सोडत होते, पुन्हा बांधत होते. "मी जबान देल्ली होती, बाप्पा. तू कुठं देल्ली होती?"