पहिल्या वेच्याचा ढग

"सर, दुसरीच्या पोरायनं ढगाचे चार प्रकार धडाधड सांगितले नाई, तर मी स्वतः मानोऱ्याकडच्या तांड्यावर बदली मागून घेईन!" विमलबाईंनी भर शाळेत ठणकावलं.

बाईंचं घर, नवरा, दुभती म्हैस, सगळं रिठदला. शाळा तिथून अर्ध्या तासाच्या वाटेवर. मानोरा म्हणजे दोन एसट्या आणि पुढं तंगडतोड! पण बोलून बसल्या.

हेडमास्तर उकंडराव खो खो हसले. "लेकरायले ढग कायले पाह्यजेत, बाई? अन् बुधवारी डिप्टीसाहेब तपासनीले येऊन राह्यले!"

"येऊ द्या! त्यायच्यासमोरच विचारा!"

अडचण एकच होती. डिसेंबर महिना, आभाळ धुतलेल्या ताटासारखं लख्ख. ढग आणायचा कुठून? शाळेसमोरच उकंडरावांचं घर, अंगणात कापसाची ही भलीमोठी गंजी. त्यांच्या बायकोनं, भागिरथाबाईंनी, टोपलंभर कापूस आनंदानं दिला. बाईंनी तो निळ्या कागदावर खळीनं चिकटवला. विंचरून लांबवला तो तंतुमेघ, ढीग केला तो राशीमेघ, थापला तो स्तरमेघ आणि कंदिलाची काजळी फासली तो वर्षामेघ! पोरं आठवडाभर घसा ताणून घोकत होती. बाईंची छाती फुगली होती.

बुधवारी साहेब आले. कागद पाहून खूश झाले. इतके खूश, की त्यांनी राशीमेघ उपटून थेट गंगूच्या हातात दिला. तिथंच घोटाळा झाला! गंगू दर रविवारी आईसोबत कापूस वेचायला जाणारी पोर. हातात कापूस आला की बोटं आपोआप चालणारच.

"काय आहे हे, बाळ?"

गंगूनं धागा ओढून पाहिला. "पयल्या वेच्याचा चांगला कापूस हाय, साहेब. धागा लांब हाय."

साहेब गोंधळले. त्यांनी स्तरमेघ शेजारच्या फय्याजला दिला.

"बोऱ्यात दबून गेला, साहेब."

"आणि हा काळा?"

"कवडी!" अख्खा वर्ग ओरडला.

गंगूला तर आता भलताच हुरूप आला. "कवडी म्हंजे डागी कापूस, साहेब! तो बोऱ्याच्या तळाशी भरतात, अन् चांगला वरतून! हेडमास्तर गुर्जी तसंच करतात, मी पाह्यलं!"

उकंडरावांचा चेहरा वर्षामेघासारखा झाला. साहेब कडाडले, "बाई! ढग शिकवता की कापूस?"

दुसरी एखादी रडली असती. विमलबाईंनी पदर खोचला. "साहेब, हातात कापूस दिला तर पोरं कापूसच सांगतील! त्यायचं काय चुकलं? ढग विचारायचा तर ढग दाखवा! चला रे बाहेर!"

सगळे पटांगणात आले. आभाळ कोरं होतं. तेवढ्यात गंगूनं मंगरूळच्या दिशेला बोट दाखवलं.

"बाई, वर्षामेघ! खरोखरचा! इकडंच येऊन राह्यला!"

"हिवाळ्यात कुठला पाऊस?" उकंडराव खेकसले. "धूर हाय तो. कोनी शेताच्या धुऱ्यावरचं गवत पेटवलं असन."

"पोरगी वर्षामेघ म्हणते, तर तो वर्षामेघच हाय!" बाई गरजल्या. "पोरायहो, गुर्जीचा कापूस उचला! वर्गात भरा!"

"माह्या कापसाले हात लावू नका!" उकंडराव ओरडत राहिले, पण ऐकतो कोण? चाळीस पोरं गंजीवर तुटून पडली. भागिरथाबाई टोपली घेऊन धावल्या. साहेबांनीसुद्धा कोट काढला आणि त्यात कापूस भरला! शेवटचं टोपलं आत आलं आणि धो धो पाऊस कोसळला. उकंडराव दारात तोंड उघडं टाकून बघत राहिले.

साहेब कापसाच्या ढिगावर बसले, डोक्यातली सरकी काढली आणि शेरेबुकात लिहू लागले. बाईंनी ऐटीत वही घेऊन मोठ्यानं वाचलं, "दुसरीच्या वर्गाचे ढगांचे ज्ञान अतिउत्तम. अशा शिक्षिकेची मानोऱ्याकडच्या तांड्यावर तातडीने गरज आहे. बदलीची शिफारस करतो."

हरलं तरी मानोरा, जिंकलं तरी मानोरा! बाईंना म्हैस आठवली. नवरा जरा उशिरा आठवला. पण मान खाली घालतील त्या विमलबाई कसल्या!

"जाईन! ताठ मानेनं जाईन!" त्या उकंडरावांकडे वळल्या. "पण सर, तिकडच्या पोरायसाठी एक बोरा कापूस द्या."

"घ्या ना बाई, कितीबी घ्या," उकंडराव पुटपुटले.

"अन् तळापासून पयल्या वेच्याचाच भरा. तिकडं गेल्यावर मी बोरा उलटा करून पाहीन!"