दहावीतलं आंतरपीक

मोकळी जागा दिसली की उगले सरांच्या पोटात दुखतं. कापसाच्या रानात तूर नसली, की ओळख ना पाळख, रस्त्यातच लुना उभी करून ते शेतकऱ्याला हाक मारतात, "ओ मालक, मधली ओळ मोकळी का सोडली?" एस.टी.त तिघांच्या बाकड्यावर दोघं ऐसपैस बसलेले त्यांना बघवत नाहीत. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्यांची समीकरणं असतात. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात दोन मंगलाष्टकांच्या मधे भटजी दम घ्यायला थांबले, तेवढ्यात सरांनी नवरदेवाच्या धाकट्या भावाला गाठलं, "अकरावीला ना तुम्ही? दोनाचं वर्गमूळ काढता का?" मुठीत अक्षता धरून ते पोरगं असं घाबरलं, जसं काही बोहल्यावर तेच उभं आहे.

सर अंबडला आमच्या कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवायचे. नव्वदीच्या अखेरची गोष्ट. आता अशा माणसाला दहावीच्या वर्षात केवढी मोकळी जागा दिसली असेल बघा! दिवाळीपर्यंत पुस्तक संपतं, पुढं मार्चपर्यंत नुसतं गाईड घोकायचं. "चार महिने रान पडीक!" सर टेबलावर मूठ आपटायचे. "त्यात अकरावीचं गणित पेरा. आंतरपीक घ्या! कापूस बी येतो, तूर बी येते. बराबर?"

'बराबर?' हा त्यांच्या वाक्याचा पूर्णविराम. उत्तराची वाट ते बघत नसत.

आणि ते नुसते बोलत नव्हते, हे मी ठासून सांगतो. घनसावंगी रस्त्यावरचं माझं गाव, तिथं शाळा दहावीपर्यंत. शनिवारी शाळा सकाळची. दुपारी सरांची लुना यायची, मागे गुंडाळी फळा बांधलेला. दहावीची बारा पोरं-पोरी थांबायची. सर त्यांना 'अहो' म्हणायचे. "तुम्ही आता निम्मे कॉलेजचे," म्हणायचे, "निम्म्या माणसाला अरेतुरे कसं करायचं?"

मी तेव्हा बी.ए.ला होतो आणि विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचो. सरांचं ऐकून माझं रक्त उसळलं. आमच्या गावात दहावी झालेल्या पोरी मोजून दाखवा म्हटलं तर ढीगभर. कॉलेजात गेलेली एक दाखवा! शाळा म्हणते, दहावी झाली, आमचं काम संपलं. कॉलेज म्हणतं, दारात येईल तिचंच बघू. शाळा आणि कॉलेज यांच्या मधल्या त्या एका उन्हाळ्यात पोरगी घरी बसते ती बसतेच. सरांची युक्ती नेमकी तिथंच होती. म्हणायचे, "दहावीत असतानाच कॉलेज सुरू करून टाका. निम्मं पेरलेलं रान कोणी मोडतं का?"

त्या बारांत नसीम होती. गाद्या भरणाऱ्या करीमभाईंची थोरली. गणित असं सोडवायची, की सर खडू खाली ठेवून हात बांधून उभे राहायचे. पण करीमभाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "सर, दसवी तक बोल्या था मैं. आगे का नक्को."

सर आणि मी कॉलेजच्या प्राचार्यांकडं गेलो. एवढंच मागणं होतं, की या बारा जणांना एप्रिलमध्ये अकरावीच्या गणिताच्या पेपरला बसू द्या आणि जूनमध्ये प्रवेश घेतील तेव्हा ते गुण धरा. प्राचार्य चष्मा पुसत म्हणाले, "उगले, याच्यानं त्यांच्या दहावीला अपाय झाला, तर जबाबदार कोण? वरून काहीतरी लेखी आणा."

बाहेर आल्यावर मी उगले सरांना म्हणालो, "सर, मोर्चा काढू. पत्रक तयार आहे."

"वाचा."

मी वाचलं. पहिल्याच ओळीत 'नादान व्यवस्था' होती.

"ठेवा खिशात," सर म्हणाले. "मी अर्ज करून राह्यलो."

शिक्षण खात्याला अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. विषय : 'दहावीमध्ये अकरावीचे आंतरपीक घेण्यास परवानगी मिळणेबाबत.' मी डोक्याला हात लावला. पण सरांना दुसरा शब्दच सुचेना.

दोन महिने काही नाही. एका शनिवारी दुपारी वर्ग चालू असताना दारात मोटारसायकल थांबली. घामाघूम माणूस आत आला. एका हातात मोजायचा टेप, दुसऱ्यात छापील फॉर्म.

"आंतरपिकाचा प्लॉट कुठंय? मी कृषी सहायक. तुमचा अर्ज आमच्याकडं आल्ता."

वरच्या कुठल्याशा टेबलावर कुणीतरी 'आंतरपीक' एवढाच शब्द वाचून अर्ज शेतीखात्याकडं ढकलला होता! माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तोच सर हसतमुखानं पुढं झाले.

"प्लॉट हा काय समोर. बसा ना."

"मुख्य पीक?"

"दहावी."

"आंतरपीक?"

"अकरावीचं गणित."

"दोन ओळींतलं अंतर?"

"बाकापासून बाक दीड फूट. टेप आणलाच आहे तर मोजून घ्या."

पोरं फिस्सकन हसली. त्या माणसानं फॉर्मकडं बघितलं, फळ्याकडं बघितलं, कपाळ पुसलं. "सर, मस्करी करू नका. एवढ्या उन्हाचा आलो. मला काहीतरी लिहावं तर लागंल."

"लिहाच. पण बघितल्याशिवाय एक अक्षर लिहू नका. नसीमबी, तुम्ही या फळ्यावर."

नसीमनं गणित सोडवलं. मग सरांनी दहावीचं एक घातलं, तेही सुटलं. कृषी सहायक मागच्या बाकावर बसून टक लावून बघत होता. शेवटी म्हणाला, "माझी पोरगी नववीला हाये, सर. तिला आणू का?" आणि त्यानं फॉर्म भरला. 'प्रत्यक्ष पाहणी केली. आंतरपिकाची वाढ जोमदार. मुख्य पिकास कोणताही अपाय नाही.' खाली सही, शिक्का.

कोणताही अपाय नाही! मागायला गेलो असतो तर सात जन्मांत मिळाला नसता असा कागद. सोमवारी सरांनी तो प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी एकदा वाचला. पुन्हा वाचला. मग असे हसले, की शिपाई पाणी घेऊन धावत आला. डोळे पुसत म्हणाले, "बसवा, बसवा एप्रिलमध्ये. मी गुण धरतो."

राहिले करीमभाई. ते म्हणाले, "पेपर देने को ले आऊंगा. जबान दिया तो दिया. जून का मत पूछो."

पेपरच्या सकाळी ते नसीमला घेऊन कॉलेजपाशी एस.टी.तून उतरले, आणि कडेवर तिची दोन वर्षांची बहीण. नसीमची आई बाळंतपणाला माहेरी गेलेली. धाकटी नसीमलाच चिकटलेली. घंटा झाली, तशी तिनं बहिणीची ओढणी धरून असा सूर लावला, की पर्यवेक्षक बाहेर आले. करीमभाईंनी घेतलं, जास्तच रडली. मी घेतलं, चावली. नसीम दारात थिजून उभी. पाय आत, डोळे बाहेर.

"तुम्ही जा आत," सर म्हणाले आणि त्यांनी ती पोर उचलली. उचलली कसली, फळा धरतात तशी दोन्ही हातांनी आडवी धरली. आणि पाढे म्हणत व्हरांड्यात चालायला लागले. बे एके बे. सातापर्यंत ती ओरडत होती. अकरापर्यंत हुंदके. सतराच्या पाढ्याला डोकं सरांच्या खांद्यावर.

करीमभाई मोंढ्याच्या बाजारात सरकी-कापसाचं काम उरकायला गेले, परत आले. सर चालतच होते. तीन तासांनी नसीम बाहेर आली. चेहऱ्यावरूनच कळलं, पेपर सगळा सोडवलाय. सरांनी मात्र प्रश्नपत्रिकेकडं बघितलंही नाही.

करीमभाई लेकीकडं बघत उभे राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, "सर, अपने गाँव से सुबह की गाडी कितने बजे की है? जून में इसकू रोज आना पडेंगा ना."

मला तिथंच घोषणा द्यावीशी वाटली. सर मात्र हलले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "सव्वासातची."

नसीमनं बहिणीला घ्यायला हात पुढे केले. परतीची गाडी बाहेर लागली होती.

सर एकटे राहायचे. का, ते आम्ही कधी विचारलं नव्हतं.

"राहू द्या ना थोडं," ते म्हणाले. "माझ्यापाशी असं कुणी झोपलं न्हाई आजवर."

गाडीनं दोनदा हॉर्न दिला. करीमभाईंनी कंडक्टरला हातानं खूण केली, जाऊ द्या.