बरणीतला उपास

वाघ पाळायला संस्थान लागतं, पण खंडोबाचा किडा पाळायला लोणच्याची बरणी पुरते, असं केरबा अख्ख्या शुक्रवार पेठेत सांगत सुटला. हिरवागार, बोटाएवढा, पुढचे पाय हात जोडल्यागत धरून बसणारा किडा त्यानं रंकाळ्याच्या गवतातनं आणला. काचेच्या बरणीत जास्वंदीची फांदी खोचली, तोंडाला फडकं बांधलं. झालं, केरबा शिकारखान्याचा मालक.

त्याची थोरली विधवा बहीण आक्का मात्र बरणीसमोर हात जोडून बसली. "देवाचा जीव हाय. ह्यो जेवला की मगच मी जेवणार."

आठ दिवस दोघं झकास जेवले. नवव्या दिवशी किड्यानं माशीकडं ढुंकून बघितलं नाही. आक्कानं ताट सरकवलं.

केरबाचं धाबं दणाणलं. गुळाच्या बाजारातनं त्यानं जिवंत माश्या धरून आणल्या, शेजाऱ्यांनी टोपीखाली झाकून आणल्या. किडा उलटा लटकून ढिम्म. तिसऱ्या दिवशी आक्काला उठवेना. वैद्यबुवांनी नाडी बघून केरबाला बाहेर नेलं. "उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही, तर माझ्या हातात काही नाही."

"किड्यापायी माणूस घालवा आता," बायको बाळाबाई म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी केरबानं बरणीत बघितलं. फांदीला किड्याचं नुसतं वाळकं, पोकळ अंग लोंबत होतं. आक्कानं हे बघितलं तर ती जागीच संपणार. ते अंग खिशात घालून, बरणीवर उपरणं टाकून तो रंकाळ्याकडं पळाला. गुडघाभर चिखल तुडवल्यावर दुपार कलताना तसाच एक किडा गावला. जरा बारीक होता, पण आक्काची नजर अधू होती.

नवा किडा बरणीत सोडून, बरणी आक्काच्या उशाशी ठेवून तो म्हणाला, "आक्का, देवाला हुशारी आलीया बघ."

"जेवला का?"

तेवढ्यात पानांमागनं आणखी एक किडा बाहेर आला. पहिलाच! तो मेला नव्हता, त्यानं कात टाकली होती. आणि कात टाकायच्या आधी तो खात नाही, हे केरबाला कोण सांगणार? चार दिवसांचा उपाशी जीव. त्यानं जोडलेले हात सोडले, पावण्याला कवेत घेतलं आणि मुंडक्यापासनं सुरुवात केली.

आक्का टक लावून बघत होती. केरबानं डोळे मिटले. आता बहीण गेली आपली, असं वाटून त्याला रडूच फुटलं.

"बाळाबाई," आक्का म्हणाली, "ताट वाढ गं."

दुसरी भाकरी मोडताना ती केरबाला म्हणाली, "माश्या कशाला दावत हुतास रं? त्याला ह्येच लागतंय. उद्यापास्नं रोज दोन आणत जा. सांजच्याला मलाबी भूक लागती."